राखणदाराला 'बहादूर' म्हणणं : सवय की अपमान?

सुरंगी (रत्नागिरी)
परवा बागेत माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याने आमच्या नेपाळी राखणदाराला हाक मारली, "ए बहादूर, कैरी काढून दे." माणूस पन्नाशीचा. मी पुतण्याला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांचं नाव काय रे?" तो म्हणाला, "बहादूर." मग भावाला विचारलं. त्यालाही माहीत नाही. आणि मलाही माहीत नव्हतं! सहा वर्षं हा माणूस दिवाळीनंतर येतो, पावसापर्यंत बायकोमुलांसकट आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतो, रात्रभर बॅटरी घेऊन फिरतो. त्याचा मुलगा इथल्या मराठी शाळेत तिसरीत आहे.

'बहादूर' शब्दात वाईट काहीच नाही. फारसीतून आपल्याकडे आला, अर्थ शूर. इंग्रज सरकार मोठ्या लोकांना 'रावबहादूर' किताब द्यायचं तेव्हा घरी पेढे वाटत. नेपाळात कित्येकांच्या नावात तो असतोच. 'कांचा'चंही तेच, नेपाळीत घरातल्या धाकट्याला लाडाने म्हणतात. 'भय्या' म्हणजे तर भाऊ. तिन्ही शब्द चांगल्या घरचे. आपण ते एका माणसावरून काढून त्या चेहऱ्याच्या सगळ्यांवर चिकटवले, तिथे ते बिघडले.

हे मला एवढं का लागलं, तेही सांगते. माझे आजोबा चौदाव्या वर्षी बोटीने मुंबईला गेले आणि एका शेटजींकडे घरगडी राहिले. त्या काळी मुंबईच्या श्रीमंत घरांत कोकणातल्या गड्याला सरसकट 'रामा' म्हणत. आजोबांचं नाव रामा नव्हतं. अकरा वर्षं त्या घरात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. म्हातारपणीसुद्धा टीव्हीवर कुणी नोकराला 'रामू' म्हटलं की ते उठून पडवीत जायचे. त्यांच्याच नातवंडांच्या बागेत आता 'बहादूर' आहे. मला हे सहन होत नाही.

रापण (मालवण)
ताई, आजोबांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचं म्हणणं पटत नाही. माझ्या बोटीवर अठ्ठावीस खलाशी, त्यातले निम्म्याहून जास्त नेपाळचे. जाळं ओढताना कोणाचं नाव आठवत बसायचं? आमचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, म्हणतो, "शिवी दिल्याशिवाय जाळा वर येणा नाय." तो मलाही शिव्या देतो, मी मालक असून. त्याच तांडेलाने गेल्या हंगामात तापाने फणफणलेल्या खलाशाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. शब्दापेक्षा माणसाची वागणूक बघा. मुंबईत आम्हालाही 'कोकण्या' म्हणतात, आम्ही रडत बसलो नाही.

सुरंगी
तांडेल तुम्हाला शिवी देतो तेव्हा तुम्ही उलट देऊ शकता. बोट तुमची आहे. तो खलाशी देऊ शकतो का?

घाटावरची (चिपळूण)
मी सांगलीची, लग्न होऊन इथे आले त्याला बारा वर्षं झाली. 'घाटी' या शब्दावर दोन्ही बाजूंनी बोलू शकते. मूळ अर्थ साधा, घाटावरचा माणूस. इथले लोक दिशा सांगावी तसं म्हणतात असं मला पहिल्या वर्षी समजावलं गेलं. पण भाजीत तिखट जास्त पडलं, आवाज चढला, सणाला रंगीत साडी नेसले, की तोच शब्द निघायचा. दिशा सांगायला नव्हे. मुंबईत तर अमराठी लोक घाटावरच्याला आणि कोकणातल्याला एकाच मापाने 'घाटी' म्हणतात. तिथे कोकणी माणसाला तो शब्द बरोबर झोंबतो. इथे येऊन तोच मला म्हणतो.

कातळ (राजापूर)
सगळं मान्य. पण आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी बागेतली मोटर चोरीला गेली. रात्री अनोळखी माणसं बागांतून राहतात, त्यांचे कागद नाहीत, मालकाला गाव माहीत नाही. लोक घाबरतात ते उगीच नाही. याला पूर्वग्रह म्हणून हिणवू नका.

सुरंगी
चोर सापडला का?

कातळ
सापडला. शेजारच्याच गावचा होता. पण पहिले दोन दिवस संशय राखणदारावर होता, हे खरं आहे. पोलिसांनी त्याला बसवून ठेवलं होतं.

पाटीपेन्सिल (जिल्हा परिषद शाळा, लांजा तालुका)
मूल हे कुठून शिकतं, यावर लिहिते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावी जेन एलियट नावाच्या तिसरीच्या शिक्षिका होत्या. 4 एप्रिल 1968 ला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका रंगाची मुलं हुशार, दुसऱ्या रंगाची कमी, असं सांगितलं. मधल्या सुट्टीला जादा वेळ, पाणी प्यायला वेगळी सोय, असे भेद केले. पुढे रंग उलटे केले. ज्यांना कमी ठरवलं ती मुलं अभ्यासातही मागे पडू लागली. आणि या प्रयोगात 'तपकिरी डोळ्यांचा' ही चक्क शिवी झाली, त्यावरून पोरं हाणामारीवर आली. मुलांवर असा प्रयोग करावा का यावर पुष्कळ टीका झाली, मीही तो करणार नाही. पण शिवी तयार व्हायला शतकं लागत नाहीत हे त्यातून कळतं. मोठ्या माणसाने एकदा 'हे कमी' म्हटलं की पुरतं.

माझ्या वर्गात चिरेखाणीवरच्या कानडी कामगारांची मुलं आहेत, राखणदारांची आहेत. जूनमध्ये पहिलीत येतात तेव्हा एकमेकांच्या डब्यात हात घालतात. दिवाळीनंतर कोणीतरी घरून ऐकून आलेला शब्द वर्गात येतो. दरवर्षी. मी आता पालकसभेत तो शब्द फळ्यावर लिहिते आणि विचारते, हा कोणाच्या घरून आला?

किल्लाकाठ (मुरूड)
आमच्याकडचा शब्द 'हबशी'. हबश म्हणजे अबिसीनिया, आजचा इथिओपिया. मूळचे तिकडचे जंजिऱ्याचे सिद्दी 1948 पर्यंत इथले राज्यकर्ते होते. आज लग्न जुळवताना काळ्या मुलीबद्दल 'हबशी दिसते' म्हणतात. माझ्या बहिणीबद्दल म्हटलं होतं. एवढंच लिहायचं होतं.

कातळ
मग कायदा करा ना. लेख लिहून काय होणार?

पाटीपेन्सिल
कायद्याची बाजूही आहे. ईशान्येच्या आदिवासींना 'चिंकी' म्हणणं ॲट्रॉसिटीखाली येऊ शकतं, असं केंद्रीय गृहखात्याने 2012 मध्ये राज्यांना कळवलं. तरी जानेवारी 2014 मध्ये अरुणाचलचा निडो तानिया हा तरुण दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. सुरुवात केसांवरून चिडवण्यापासून झाली होती. आणि नेपाळचा माणूस त्या कायद्यात बसतच नाही. म्हणून मी घराबद्दल बोलते.

रापण
काल बोटीच्या कागदांतली खलाशांची यादी काढली. बंदरावर द्यावी लागते म्हणून दरवर्षी मीच सही करतो. अठ्ठावीस नावं. चेहऱ्याशी जुळवता आली ती अकरा, त्यातले नेपाळचे दोन. माझं मत अजून तेच आहे, बंदरावर जीभ सैल राहणारच. पण यादी तांडेलाकडे दिली आहे.

सुरंगी
मी संध्याकाळी मांगरात गेले होते. नाव विचारलं. आधी ते म्हणाले, "बहादूर बोलो ना, चलेगा." पुन्हा विचारलं तेव्हा मुलानेच मराठीत सांगितलं, पूर्ण नाव, आडनावासकट. पुतण्याने ते तीनदा म्हणून बघितलं.