आईच्या ट्रंकेतल्या साड्यांचं काय करावं?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
आई जाऊन वर्ष झालं. काल ट्रंक उघडली. सात-आठ सुती लुगडी, एक हिरवी इरकल, बाबांची धोतरं, शिवाय पॉलिस्टर साड्यांचा ढीग. बोहारीण हल्ली गल्लीत येत नाही. शेवटची आली तिनं तीन साड्यांवर प्लास्टिकचा टब दिला. बायको म्हणते, सगळं घंटागाडीत टाका. हात धजत नाही. काय करू?

उत्तर (खानापूर)
बाबा, लुगडी कुठं देऊ नको, वाकळ शिवून घे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताची सर नव्या कापडाला नाही. वर-खाली लुगडी, मधे धोतरं फाडून पसरायची, चार कोपऱ्यांना रंगीत फुलं, आणि कडेनं धावदोरा घालत चौकोनात आत आत मधापर्यंत यायचं. मी एका पावसाळ्यात दोन काढते, दुपारची जेवणं झाली की. आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे. पॉलिस्टर मात्र आत घालू नको. घाम पीत नाही आणि थर सरकतात. ओळखू येत नसेल तर एक सूत ओढून पेटव. सुती असलं तर कागदागत जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. भिजलेली वाकळ उचलायला दोघं लागतात हां. आम्ही नवरात्राआधी मलप्रभेवर नेतो, तुम्ही गच्चीवर बघा.

उत्तर (वडगाव)
माझे दोन माग आहेत म्हणून बोलतो. पानिपतला जुने लोकरी कपडे रंगावार निवडून फाडतात, पुन्हा सूत काढतात, त्याचीच स्वस्त ब्लँकेटं. रंग आधीच जुळलेला, म्हणून रंगवणीचं पाणी वाचतं. पण फाडताना तंतू आखूड होतो, त्यातून साडीचं बारीक सूत निघायचं नाही. म्हणून कापड आहे तसंच वापरलेलं बरं. एका सुती टी-शर्टामागे कापसापासून धरून सुमारे २,७०० लिटर पाणी जातं असा अंदाज सांगतात. उरलेल्या सुती चिंध्या गॅरेजवाल्याला द्या. तेल पुसायला त्याला सुतीच लागतं.

प्रश्नकर्ता
मावशी, मग पॉलिस्टरच्या साड्यांचं काय?

उत्तर (खानापूर)
इकडं पाठव. भातात डुकरं घुसतात, शेताच्या कडेनं साड्या बांधतो आम्ही. उन्हापावसाला पॉलिस्टरच टिकतं.

प्रश्नकर्ता
रविवारी लुगडी घेऊन येतो. इरकलीला हात लावायचा नाही असं बायकोनं आत्ताच बजावलंय. काल घंटागाडी म्हणणारी तीच.