एचओ लेआउटवरचे प्लॅटफॉर्मचे दिवे गेलेत, खांब न उपटता दुरुस्त होतील का?

खडीवाला:
एकांकडून जुना एचओ लेआउट (छोट्या मॉडेल रेल्वेचा देखावा) घेतलाय, सगळं प्लायवर चिकटवलेलं. स्टेशनवर पितळी नळीचे बारा खांब आहेत, वर इवलासा एलईडी. त्यातले चार ओळीने बंद आहेत आणि दोन असे की खांबाला बोट लागलं की लुकलुकतात. खालून बघितलं तर केसाएवढ्या लाल वायरी, सगळ्या एकत्र पिळून वर टेप मारलेली. खांब ओढला तर प्लॅटफॉर्मच निघेल अशी भीती वाटते. एलईडी घरी बदलता येतो का की अख्खे खांबच नवे आणू? मल्टिमीटर आहे, साधा २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आहे.

रूळजोड:
खांब अजिबात ओढू नका. लुकलुकणाऱ्या दोघांचे एलईडी बहुतेक ठणठणीत असणार, वायर नळीतून बाहेर येऊन जिथे वळते तिथेच ती तुटते. आधी अ‍ॅडॉप्टर काढा आणि बंद खांबाच्या वायरी मोकळ्या करून त्यांना सीआर२०३२ बटन सेल लावून बघा, नाही पेटला तर उलटा लावा. मध्ये रेझिस्टर (करंट कमी करणारा छोटा भाग) असेल तर त्याच्या पुढे एलईडीच्या बाजूला लावा, नाहीतर पेटणार नाही आणि तुम्ही चांगला दिवा फेकून द्याल. बऱ्याच खांबांत वायर एकच असते, दुसरं टोक म्हणजे पितळी नळी स्वतःच, तेव्हा नळीवरचा रंग थोडा खरवडून तिथे सेल टेकवा.

टाकसोल्डर:
त्या लाल वायरीवर इनॅमल, म्हणजे इन्सुलेशनचा पातळ लेप असतो हो, तो काढल्याशिवाय सोल्डरचा टाका बसतच नाही आणि लोक आयर्नला शिव्या घालतात. टोकाचे दोन-तीन मिमी ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचे, फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायची पेस्ट) लावायचा, आधी वायर टिन करून घ्यायची, म्हणजे तिच्यावर सोल्डरचा थर द्यायचा, मग जोडायची. लायटरने जाळू नका, तांबं काळं पडतं आणि मग टाका धरत नाही. एलईडी बहुतेक ०६०३ नाहीतर ०४०२ मापाचा असेल, ०४०२ म्हणजे १ मिमी बाय अर्धा मिमी, शिंक आली की गेला! मी तर वायर आधीच जोडलेले एलईडी आणतो, दोन वायरी नळीतून खाली सोडायच्या आणि संपलं. खांबच वाकडा झाला असेल तर तो बदला, उगाच हौस नको.

दोनवाजताचीलोकल:
पण चार ओळीने का गेले ते कोणी विचारलंच नाही. बारांना मिळून एकच रेझिस्टर आहे का? असला तर एक एलईडी गेला की त्याच्या वाट्याचा करंट उरलेल्यांवर जातो, मग दुसरा जातो, मग तिसरा, म्हणजे तुम्ही आज चार बदलले तरी उरलेले आठ आधीच जास्तीचा करंट खाऊन बसलेत. प्रत्येक खांबाला वेगळा रेझिस्टर लावा. १२ व्होल्टला पांढऱ्या एलईडीसाठी १के (१००० ओहम) चालतो, साधारण ९ मिलिअ‍ॅम्प होतात, पण प्लॅटफॉर्मवर तेवढा उजेड मोबाईलच्या दुकानासारखा दिसतो. ४.७के लावा, जेमतेम २ मिलिअ‍ॅम्प, रात्रीचं स्टेशन वाटेल. आणि अ‍ॅडॉप्टर मोजा, जुने जड ट्रान्सफॉर्मरवाले १२ लिहिलेलं असून बिनलोडचे १६-१७ देतात.

खडीवाला:
मोजला, १६.८! आणि हो, रेझिस्टर एकच निघाला, टेपच्या आत. चारपैकी एक सेलवर पेटला, तीन खरंच गेलेत. गाडीच्या कंट्रोलरवरूनच दिवे चालवले तर?

दोनवाजताचीलोकल:
नको, डीसी कंट्रोलर असेल तर गाडी हळू केली की स्टेशनही मंद होईल आणि गाडी उलटी नेली की अंधार. वेगळा १२ व्होल्टचा एसएमपीएस (व्होल्टेज स्थिर ठेवणारा नवा अ‍ॅडॉप्टर) घ्या. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत तो आणि रेझिस्टर दोन्ही मिळतील.

टाकसोल्डर:
आणि खाली ती पिळलेली जुडी काढून स्क्रूची कनेक्टर पट्टी लावा, वायर थोडी सैल ठेवून प्लायला चिकटवा. पुढच्या वेळी एक खांब सुटा करता आला पाहिजे.