थोरलं घर (माथेरान–नेरळ–डोंबिवली) : गाडी भरून आली, खोल्या रिकाम्या

मोठे काका: पावसाळ्यानंतर कालपासून नेरळ–माथेरान मिनी ट्रेन परत सुरू झाली. पहिली गाडी खचाखच. स्टेशनावर हार, नारळ, फोटो, सगळं झालं. आणि रात्री माझ्या लॉजच्या नऊ खोल्यांपैकी भरल्या किती? दोन. ही एवढी माणसं जातात कुठे, सांगेल का कोणी?

शैलाआत्या डोंबिवली: अरे वा!! गाडी सुरू! सगळ्यांचं अभिनंदन 🙏🙏

मोठे काका: शैला, मेसेज पूर्ण वाच.

नाना आजोबा: वेळापत्रक बघा. नेरळहून ८.५० आणि १०.२५. वर यायला साडेअकरा आणि एक वाजतो. परत निघते पावणेतीन आणि चारला. माणूस वर येऊन जेवेपर्यंत परतीची रांग लागते. सकाळी उतरणारी गाडी पाहिजे. त्यासाठी एक गाडी रात्री वर ठेवावी लागेल. गाडीच मुक्काम करत नाही, पाहुणे कशाला करतील?

बंड्या टॅक्सी: नाना 😂😂

बंड्या टॅक्सी: काका, राग मानू नका. सहा डबे, त्यातही सामानाची जागा. त्यातून माणसं येणार ती किती? गावात गाड्यांना बंदी, सगळ्या दस्तुरीच्या नाक्यावरच थांबतात. रविवारी तिथे गाड्या लावायला जागा मिळत नाही. गाव ट्रेनवर नाही, दस्तुरीवर चालतं. २०१९च्या पावसात रूळ वाहून गेले ते ऑक्टोबर २०२२पर्यंत नेरळहून ट्रेन नव्हती. तेव्हा तुमचे पाहुणे कोणी वर आणले?

मोठे काका: तूच आणलेस. प्रत्येक खोलीमागे कमिशन घेऊन आणलेस.

बंड्या टॅक्सी: सगळेच घेतात. मी निदान घरचा रेट लावला.

सुमनकाकू: दोघांनी फोनवर बोला. इथे आत्या आहेत, मुलं आहेत.

नाना आजोबा: सकाळी उतरणारी गाडी पाहिजे. खोली सोडायची दहाला आणि गाडी पावणेतीनला. मधले पाच तास पाहुणा बॅग घेऊन व्हरांड्यात बसतो, नाहीतर बंड्याची टॅक्सी धरतो.

बंड्या टॅक्सी: मग वाईट काय त्यात 😀

पिंकी: मला विचाराल तर ट्रेनचं गिऱ्हाईक चांगलं. टॅक्सीवालं गिऱ्हाईक दस्तुरीला उतरून घोड्यावर बसतं ते थेट हॉटेलात. ट्रेनचं माणूस बाजारातच उतरतं. पहिली वीस मिनिटं कोणी दुकानाकडे बघत नाही, इंजिनासोबत फोटो चालतात. मग पाणी, मग चिक्की. चपला मात्र जातानाच घेतात, वर असताना हातात ओझं नको असतं. काल एका बाईच्या बुटाचा तळ चालून चालून निघाला. सुतळीने बांधून आली होती. तिने एक जोड घेतला, तिच्या मैत्रिणींनी बघून तीन घेतले.

शैलाआत्या डोंबिवली: पिंके माझ्यासाठी सात नंबर ठेव. मागच्या वेळी घेतली तिचा अंगठा तुटला हो. घरचं दुकान म्हणून बोलले नाही.

पिंकी: आत्या ती तू बाथरूममध्ये वापरलीस. चामड्याची होती.

मामा ई-रिक्षा: दाजी, नमस्कार. मध्ये बोलू का?

मोठे काका: बोल.

मामा ई-रिक्षा: मी बारा वर्षं हातरिक्षा ओढली. ऑगस्ट २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा. बरं झालं, छाती सुटली. तेव्हा भाडं मिळायचं ते बॅगांमुळे. आता ट्रेनमधून उतरलेला माणूस मला काय विचारतो? "पाचेक पॉइंट दोन तासांत होतील का?" त्याच्या पाठीला एक लहानशी सॅक. राहायचं असतं तो बॅग आणतो. म्हणजे माणूस घरून निघतानाच ठरवून निघतो की आजच परत जायचं.

मोठे काका: हे बरोबर बोललास.

नाना आजोबा: कारण सकाळी उतरणारी गाडी नाही.

सुमनकाकू: नाना, झालं ते लिहून 🙏

नाना आजोबा: मी नोकरी रेल्वेत केली आहे म्हणून सांगतो. ही लाइन १९०७ची. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १६ लाख घालून बांधली. दोन फुटी रूळ. २००५च्या पुरात वाहून गेली, २००७ला परत उभी राहिली. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, आता संपली. गाडी येत राहील. तिच्या वेळा गावाच्या कामाच्या आहेत का, ते विचारायला कोणी जात नाही.

शैलाआत्या डोंबिवली: नाना १६ लाखांत आमच्याकडे आता पार्किंगसुद्धा मिळत नाही 😂

शैलाआत्या डोंबिवली: लग्नानंतर आम्ही याच गाडीने आलो होतो. तो एकच बोगदा आहे ना, वन किस टनेल? हे झोपले होते.

बंड्या टॅक्सी: 😂😂😂😂

पिंकी: आत्या हा फॅमिली ग्रुप आहे

मोठे काका: विषय सोडू नका. पाऊस लागला की मध्य जूनपासून खालची गाडी चार महिने बंद. मग फक्त दस्तुरीजवळचं अमन लॉज स्टेशन ते वरचं माथेरान स्टेशन एवढं शटल. म्हणजे मला ट्रेनचे मिळतात आठ महिने. त्यात माणसं अशी चार तासांत येऊन गेली तर लाइट बिल कोण भरणार?

बंड्या टॅक्सी: काका, शटलला मी कधी नावं ठेवली नाहीत. उलट दस्तुरीला काही घोडेवाले "शटल बंद आहे" सांगून लोकांना घोड्यावर बसवायचे तेव्हा आमचंही नाव खराब झालं. २०२५च्या मार्चमध्ये गाव बंद ठेवलं ते त्यासाठीच. मीही आलो होतो बंदला. त्या दिवसाचा धंदा सोडून.

मोठे काका: आला होतास. ते मी विसरलो नाही.

बंड्या टॅक्सी: तेवढं बोललात, बास.

सुमनकाकू: मी एक सांगते. गाडीच्या वेळा आपल्या हातात नाहीत. दहाचा चेकआउट आपल्या हातात आहे. सोमवार ते गुरुवार नऊपैकी सात खोल्या तशाच पडून असतात. मग पाहुण्याला दहाला बाहेर का काढायचं? दोनपर्यंत ठेवू. साडेबाराला पिठलं-भाकरी घालू, त्याचे पैसे घेऊ. मामा स्टेशनला सोडेल.

मामा ई-रिक्षा: सोडतो ताई. भाडं जे आहे ते.

मोठे काका: आणि चादरी कधी बदलायच्या?

सुमनकाकू: त्या तुम्ही बदलता का?

पिंकी: 🤐

नाना आजोबा: कल्पना चांगली आहे. शनिवार-रविवारचं काय?

सुमनकाकू: तेव्हा दहाच. शनिवारी पाहुण्यांची कमी नसते, बंड्या असतोच.

बंड्या टॅक्सी: काकू 🙏 आणि ट्रेनने वर आलेल्याला खाली टॅक्सीने जायचं असेल तर माझा नंबर खोलीत लावा. कमिशन तुम्ही घ्या या वेळी.

मोठे काका: बघू.

सुमनकाकू: लावला. "चेकआउट दुपारी २ (सोम. ते गुरु.)" असा कागद काउंटरवर चिकटवलाय. फोटो टाकते.

पिंकी: काकू "चेकआउट"चा ट उलटा आलाय

नाना आजोबा: सकाळी उतरणारी गाडी मिळेपर्यंत ठीक आहे. अर्ज मी लिहून ठेवलाय. सह्या कोण देणार?

शैलाआत्या डोंबिवली: माझी घ्या. आम्ही शनिवारी येतो, सहाजण. ट्रेनने!! दादा, मागची मोठी खोली आमच्यासाठी ठेव. दरवेळची.

मोठे काका: हा मेसेज हटवला गेला

शैलाआत्या डोंबिवली: वाचला मी.