‘चांगल्या डॉक्टरला ऑडिट लागत नाही’ हे मला पटत नाही

नोंदवही: काल इथे एकांनी लिहिलं, "कामाची खात्री असलेल्या डॉक्टरने दवाखान्यात ऑडिट सुरू करणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास." रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून वेगळा धागा. ऑडिट म्हणजे इथे पैशांचं नव्हे, आपल्याच कामाच्या नोंदींची तपासणी.

आम्ही तिघी डॉक्टर. ॲलर्जी विचारल्याशिवाय औषध लिहीत नाही, याची तिघींनाही खात्री. रिसेप्शनवरच्या मुलीला न निवडता कोणतेही २० केसपेपर काढायला सांगितले. ११ कागदांवर ॲलर्जीची नोंदच नाही, त्यातले ४ माझे. विचारलं असेलही, पण मी नसताना दुसरीला ते कुठून कळणार? ॲलर्जीचा रकाना कागदाच्या अगदी वर आणला आणि तीन महिन्यांनी पुन्हा २० काढले. कोरे दोनच. या दुसऱ्या फेरीशिवाय त्याला ऑडिट म्हणू नये, ती नुसती मोजणी.

जुना_स्टेथो: ते लिहिणारा मीच. मी होतो त्या रुग्णालयात निकाल नावांसकट भिंतीवर लावायचे. सगळ्यात गुंतागुंतीचे रुग्ण घेणारा पोरगा यादीत तळाला. वर्षाच्या आत सोडून गेला. पुढे अवघड रुग्ण कोणी हातात घेईना. हे तुमच्या २० कागदांत दिसतं का?

रात्रपाळी: सर, तो दोष भिंतीवर लावणाऱ्याचा. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने १९११ साली स्वतःचं रुग्णालय काढलं, ३३७ रुग्णांचा हिशेब मांडला आणि १२३ चुका स्वतः छापल्या. दुसऱ्याच्या नव्हे, आपल्याच रुग्णालयाच्या.

वॉर्डसिस्टर: मूळ दुखणं कॉपी-पेस्ट आहे, त्यावर कोणीच बोलत नाही! आमच्याकडे एका आजोबांची लघवीची नळी काढली, पुढचे चार दिवस नोंदीत ‘नळी आहे, व्यवस्थित’. कालचं उचलून आज चिकटवलं. ऑडिटवाले आले, रकाने भरलेले, शंभर टक्के!

जुना_स्टेथो: हेच मी म्हणतोय. रकाना तपासला जाणार म्हटलं की माणूस रकाना भरतो, रुग्ण बघत नाही.

रात्रपाळी: पण कॉपी-पेस्ट ऑडिटआधीही होतंच. कंटाळा आणि गर्दी, दोनच कारणं.

वॉर्डसिस्टर: गर्दी? तीस रुग्णांमागे एक सिस्टर असते, ते कोण मोजतं? हात धुतले का ते आमचंच बघतात. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांचं कोणी बघितलंय? एकदा बोलले तर माझी ड्युटी बदलली.

नोंदवही: सिस्टर, बरोबर आहे तुमचं. डॉक्टर वगळून केलेलं ऑडिट मीही मानत नाही. आणि नळीचं म्हणाल तर नोंद खाटेपाशी जाऊन ताडायला हवी. ५ रुग्ण बघितले तरी कळलं असतं. मी हे लिहिलं नव्हतं, माझी चूक.

जुना_स्टेथो: कोणते कागद काढायचे ते डॉक्टरने ठरवायचं नाही, हे मान्य करतो. नाइलाजाने. माझे १० काढा. निकाल मात्र आधी मला एकट्याला, बंद पाकिटात. आणि गुंतागुंतीचे रुग्ण वेगळे मोजायचे.

नोंदवही: दोन्ही मान्य. तीन महिन्यांनी आणखी १०.

जुना_स्टेथो: ते तेव्हा बघू.

वॉर्डसिस्टर: आणि हात धुण्याचं?