'सहा वाजता पॉज दाबा' म्हणे!

सायलेंट_मोड
काल इथे कुणीतरी लिहून गेलं: 'ऑफिस घरी येतं ही रड नको. वर्क प्रोफाइल लावा, सहा वाजता पॉज दाबा, विषय संपला.' विषय संपत नाही, म्हणून हे लांबण.

वर्क प्रोफाइल, म्हणजे फोनमधला कामाच्या ॲप्सचा वेगळा कप्पा, अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. पॉज केलं की ब्रीफकेसचं चिन्ह असलेली ॲप्स करडी पडतात, नोटिफिकेशन थांबतात. झकास. पण कामाचा ग्रुप असतो कुठे? तुमच्या खाजगी नंबरच्या व्हॉट्सॲपवर, म्हणजे प्रोफाइलच्या बाहेर. ब्रीफकेस झोपली तरी ग्रुप जागाच. आणि सिमवर येणारा साधा फोन प्रोफाइलला विचारून वाजत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दोन_सिम
मग ग्रुप आत न्या की! दुसरं सिम किंवा ई-सिम घ्या, वर्क प्रोफाइलमध्ये व्हॉट्सॲप वेगळं टाका, नव्या नंबरने नोंदवा. ॲडमिनला तुमचा नवा नंबर ग्रुपमध्ये घ्यायला सांगा, मग जुन्या नंबरने ग्रुप सोडा. फक्त 'नंबर बदला' हा पर्याय वापरू नका, त्याने सगळं खातंच उचलून नव्या नंबरवर जातं, घरचे ग्रुपसुद्धा. लोक इथेच फसतात आणि वर म्हणतात उपयोग नाही. संध्याकाळी दोन गोष्टी करायच्या: प्रोफाइल पॉज, दुसरं सिम ऑफ. नुसतं सिम बंद केलं तर व्हॉट्सॲप डेटावर चालूच राहतं. घोडं पेंड खातं ते इथे.

खडूस_वाचक
एवढा उपद्व्याप कशाला? ग्रुप म्यूट करा.

सायलेंट_मोड
म्यूट केलेल्या ग्रुपात कुणी @ लावून तुमचं नाव घेतलं की फोन वाजतो. साहेबांना हे बरोबर ठाऊक असतं.

निळी_टिक
मुळात त्रास वाजण्याचा नाहीच, 'वाचलं आणि उत्तर दिलं नाही' याचा आहे. रीड रिसीट (वाचल्याची निळी टिक) बंद करून लोक निर्धास्त होतात. ग्रुपमध्ये ती बंद होतच नाही! पाठवणाऱ्याने मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कुणी वाचलं आणि किती वाजता, सगळी यादी समोर.

खडूस_वाचक
मग वरून ओढलेल्या नोटिफिकेशनमध्येच वाचा, ग्रुप उघडू नका. टिक लागत नाही.

निळी_टिक
लांब मेसेज तिथे अर्धा कापला जातो, आणि महत्त्वाचं शेवटच्या ओळीत असतं. आणि व्हॉइस नोट? रिसीट बंद असली तरी ऐकल्याची खूण जातेच. रात्री दहाला सव्वादोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवणाऱ्यांचं काय करायचं ते आधी ठरवा. एका ओळीचं काम, त्यात सव्वा मिनिट 'अं… म्हणजे…'.

दोन_सिम
धागा कामाच्या वेळेचा आहे हो, व्हॉइस नोटचा नाही.

निळी_टिक
तोच तर विषय आहे! लिहिलेलं एका नजरेत कळतं की उद्यावर ढकलता येईल. ऐकायचं ते पूर्ण ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणजे तुमची वेळ गेलीच. घेणाऱ्याने लावायची सेटिंगं सांगता, पाठवणाऱ्याला एक शब्द नाही.

रात्रपाळी_अ‍ॅडमिन
ज्यांच्याकडे सर्व्हर आहेत त्यांनी काय करावं, पॉज दाबून झोपावं? इलाज सेटिंगचा नाही, पाळीचा आहे. आठवड्याला एकच माणूस ऑनकॉल (हाकेला हजर), त्याने १० मिनिटांत अलर्ट (बिघाडाचा इशारा) घेतला नाही तर दुसऱ्याकडे, बाकी सगळे शांत. त्या माणसाच्या फोनवर डू नॉट डिस्टर्बमध्ये अलर्टचा नंबर स्टार करून ठेवायचा, म्हणजे तेवढा वाजतो. 'पुन्हा कॉल' (त्याच नंबरवरून लागोपाठ दुसरा कॉल आला की वाजू देणं) या सवलतीवर विसंबू नका: अँड्रॉइडवर दुसरा कॉल १५ मिनिटांत यावा लागतो, आयफोनवर ३ मिनिटांत. अलर्ट यंत्रणा पाच मिनिटांनी फिरून कॉल करणारी असेल तर आयफोनवाला घोरत पडेल.

खडूस_वाचक
कामाच्या वेळेनंतरच्या संपर्कावर कायदा करा म्हणणारे अजून आले नाहीत?

सायलेंट_मोड
आलो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून.

खडूस_वाचक
आणि त्यात काय आहे तेही लिहा! ऑस्ट्रेलियात साहेबाला फोन करायला बंदी नाही. तुम्ही उत्तर न देणं अवाजवी नसेल तर नाकारता येतं, एवढंच. फ्रान्समध्ये तर कंपनीने कर्मचाऱ्यांशी बोलणी करायची आहेत, घड्याळ कुणी ठरवून दिलेलं नाही. वाचल्याशिवाय झेंडे नाचवू नका.

सायलेंट_मोड
वाचूनच लिहिलंय. 'नाकारता येतं' ही तुम्हाला किरकोळ बाब वाटते, कारण तुम्ही बहुधा पाठवणाऱ्यांपैकी आहात.

खडूस_वाचक
वैयक्तिक जाऊ नका. बरं, पाठवणारा म्हणूनच सांगतो: रात्री सुचलं तर मेलच्या 'सेंड' बटणाशेजारच्या बाणातून 'शेड्यूल सेंड' निवडतो, सकाळी ९ लावतो. जीमेलमध्ये हे २०१९ पासून आहे. झालं समाधान?

निळी_टिक
झालं, महाराज. फक्त सगळ्यांनी ९ च लावलं की ९ वाजून १ मिनिटाने चाळीस मेल एकदम कोसळतात. सव्वानऊ, साडेनऊ असं विखरा. आणि व्हॉइस नोट?

खडूस_वाचक
व्हॉइस नोट दिवसाही पाठवू नये. इथे तुमचं बरोबर आहे, मला लिहायला जिवावर आलं तरी.