पहिला गळ कुणी बांधून दिला?

दिवाळीआधी माळा आवरताना एक पत्र्याची डबी हाती लागली. आत पाच गंजके गळ, शिशाचा एक चपटा तुकडा आणि तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोरीचं, भेंडोळं. चार गळ विकतचे, पाचवा टाचणीचा. तो मी केलेला. रॉकेलच्या चिमणीवर टाचणी लाल करायची, चिमट्यानं वाकवायची आणि लगेच पाण्यात बुडवायची. टोकाला उलटा काटा नसल्यामुळे दोरी जरा सैल पडली की मासा गेलाच म्हणून समजा. तरी इतक्या वर्षांत तो गळ टाकून द्यायला हात झाला नाही.

माझं लहानपण सांगलीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून हाकेच्या अंतरावर गेलं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे नदीकाठच्या माणसाला पाढ्यांसारखं पाठ असतं. पावसाळ्यात अख्खं गाव पुलाकडे पाण्याची पातळी बघायला जायचं. पाऊस सरला की तिकडे मी एकटाच बघायचो, आज गळ टाकून कोण बसलंय ते. बसणाऱ्यांत शेजारचे नाना असत. नाना तासन्‌तास बोलायचे नाहीत, आणि मला तिथे बसू द्यायचे ते मीही बोलणार नाही या अटीवर. एक दिवस माझा टाचणीचा गळ बघून त्यांनी खिशातला विकतचा काढला. गळाच्या नाकातून तंगूस ओवला, मूळ दोरीभोवती पाच वेढे दिले, टोक गळाजवळच्या फटीतून मागे घेतलं आणि ओढण्याआधी गाठ जिभेवर धरून ओली केली. मला वाटलं सवय असेल. पुढे कळलं की गाठ कोरडी ओढली तर घासून तंगूस तिथेच कमजोर होतो आणि नेमका मोठ्या माशाला तुटतो.

तर मंडळी, हा धागा त्यासाठी. तुमचा पहिला गळ कुणी बांधला, कुठल्या पाण्यावर, आणि त्यापायी मार कुणाचा खाल्ला? हातभर माशांच्या फुशारक्या नंतर मारू.

भिलवडीचा

आमच्यात गळ कुणी बांधून देत न्हाई, हिसकावून घ्यावा लागतो. मी थोरल्या भावाचा घेतला. त्यो शाळेतनं यायच्या आत मी नदीवर, आणि त्यो आला की मी उसात.

गांडुळं न्हाणीच्या मागं, अळूखाली. तिथली माती बारा म्हैने वली. नारळाच्या करवंटीत थोडी माती घालून गांडुळं घ्यायची, न्हाईतर उन्हानं वाळत्यात. दोरीला मोराच्या पिसाची दांडी बांधायची. ती पाण्यावर उभी राहती. नुसती थरथरली तर बारकं पोरगं खेळतंय समजायचं, सरळ खाली गेली की मग हात हालवायचा.

माझी पहिली मोठी शिकार म्हंजे वाम, सापावाणी लांबडा मासा. वाम गळाला लागली की दगडाच्या कपारीत घुसती आणि शेपटीनं आडवून धरती. मी आपला वडतोय, वडतोय. तेवढ्यात थोरला माग काढत आला. मला वाटलं आता धपाटा. पण पाण्याकडं बघून म्हणाला, "वडू नगंस. दोरी सैल सोड. तिला वाटू दे तू गेलास." आमी दोघंबी बसलो, किती वेळ कुणाला ठावं. मग त्यानं एकदम हिसका मारला आणि वाम वर. पाठीवर बारीक काट्यांची रांग असती, ती तळव्याला लागली, रगत आलं. धपाटा घरी गेल्यावर बसला, पण रस्स्यातलं मधलं तुकडंबी मलाच मिळालं. चिंच, कांदा-लसणाची चटणी, वर कोथिंबीर. बास.

मगरी तवाबी हुत्या, पण कवातरी दिसायच्या. आता औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात घाटावर बसलं तरी एक डोळा पिसावर आणि एक लव्हाळ्यात ठेवायला लागतो. पोरांना एकटं पाठवत न्हाई आमी.

मिरजकर

नानांची गाठ पाच वेढ्यांची की सहा? मी चार देतो आणि दर वेळी सुटते.

धागाकर्ता

@मिरजकर, पाच. तंगूस बारीक असला तर सहा. आणि थुंकी.

माळकऱ्याचा नातू

वाळवा तालुका. आमच्या घरात मासा हा शब्दसुद्धा जेवताना काढायचा नाही. आजोबांच्या गळ्यात माळ, आषाढीला पायी पंढरपूर. आणि मी भोयांच्या पोरांबरोबर ओढ्यावर. माझ्या वर्गातल्या एकानं गळ बांधून दिला, बदल्यात मी त्याला गणितं दिली.

प्रश्न हा की धरलेल्या माशाचं करायचं काय? घरी नेता येत नाही, मित्रांना द्यायला जीव होत नाही. मग मी ते डालड्याच्या डब्यात पाणी घालून आणायचो आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीत सोडायचो. वर्षभर कुणाला पत्ता नाही, असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी आजोबा विहिरीच्या काठावर बसून भाकरीचा चुरा टाकताना दिसले. मी पळायच्या बेतात, तर ते मागे न बघता म्हणाले, "आज किती पाहुणे आणलेस?"

त्या पाहुण्यांत मरळीचं एक बोटभर पिल्लू होतं. पुढे मी कॉलेजात असताना विहिरीचा गाळ काढायला घेतला, तेव्हा उपसत आलेल्या पाण्यात ते निघालं. मांडीएवढं झालेलं. विहिरीतले बेडूक आणि माझे बाकीचे पाहुणे खाऊनच वाढलं असणार. गडी म्हणाला, मी नेतो. आजोबांनी स्वतःचं वाळत घातलेलं धोतर भिजवलं, मरळ त्यात गुंडाळली आणि मला सायकल काढायला लावली. मरळ तोंड वर काढून हवाही घेते, त्यामुळे अंग ओलं राहिलं तर तेवढा प्रवास ती सोसते. कृष्णेपर्यंत मी सायकल मारत होतो आणि मागे कॅरिअरवर आजोबा, मांडीवर ते धोतर. सोडताना तिनं त्यांच्या मनगटावर शेपटीचा असा फटका दिला की दोन दिवस त्यांना टाळ धरवेना. आजीला सांगितलं, पाय घसरला.

मी आजही खात नाही. धरतो, सोडतो. आता त्याला 'कॅच अँड रिलीज' म्हणतात म्हणे, आणि त्याचे व्हिडिओ करतात.

फलटणहून

@माळकऱ्याचा नातू, मरळीवरून आठवलं. आमच्याकडे नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन (पाण्याची पाळी) बंद झालं की खड्ड्याखड्ड्यांत पाणी राहायचं आणि त्यात अडकलेले मासे. गळाची गरजच नाही, हातानं. खरा गळ मी शेततळ्यावर शिकलो, मामाकडून.

मरळीची पिल्लं पाहिलीत कधी? लालभडक, शेकड्यांनी, एका घोळक्यात. पाण्यावर कुणी कुंकू सांडावं तसा तो घोळका सरकतो आणि खाली नर-मादी राखण करत असतात. मामाची युक्ती अशी की गळाला बेडकी लावायची आणि घोळक्यातून ओढायची. भूक असो नसो, राखणदार त्या बेडकीवर तुटून पडतोच. मी दहा वर्षांचा असताना तसा एक नर काढला. मामानं पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर पाण्यावर लाल काहीच नव्हतं.

तशी मरळ नंतर धरली नाही. बाकी सगळं धरतो.

जावळीची लेक

पुरुषमंडळी गळ गळ करतायत, म्हणून लिहिते. आमच्या बामणोलीकडे मुलीनं गळ धरलेला चालायचा नाही. लुगडं धरलेलं चालायचं. जुनं नऊवारी दुहेरी करायचं, दोघींनी टोकं धरायची आणि ओढ्यात उलट्या दिशेनं चालत यायचं. तिसरी वरून काठीनं पाणी बडवत येते. लुगडं उचललं की आत चांदीसारखे बोटबोट मासे, खेकड्याची पिल्लं, आणि कधी पाणसाप. पाणसाप निघाला की लुगडं, मासे सगळं टाकून पळायचं आणि ओरडा खायचा तो लुगडं वाहून गेल्याचा.

खरा हंगाम मृगाचा. पहिला पाऊस झाला, ओढे लाल झाले की मासे खालच्या पाण्यातून वर चढतात. चढणीचे मासे. भाताच्या खाचरापर्यंत येतात. आई बांधाच्या तोंडाशी टोपली लावायची आणि मी रात्री कंदील धरून उभी. टोपलीत पडलेल्या माशांचा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकत कुडकुडत उभं राहणं, ही माझी सुरुवात. पोटं गाबोळीनं टम्म असायची आणि आम्हाला त्याचंच अप्रूप. ते वर चढतात अंडी घालायला, हे शाळेतल्या पुस्तकात नव्हतं आणि आईलाही कुणी सांगितलं नव्हतं. आता माहेरी गेले की भावाशी यावरून वाद होतो. तो म्हणतो, चार टोपल्यांनी काय होतंय. पण ओढ्यात पूर्वीसारखे मासे नाहीत हेही तोच सांगतो.

आजोबांचं सांगायचं राहिलं. कोयनेचं धरण झालं तेव्हा आमची खालची खाचरं शिवसागर जलाशयात गेली. त्यांनी नांगर माळ्यावर टाकला आणि चाळिशीत जाळं विणायला शिकले. आपण इथे लहानपणच्या आवडीचं बोलतोय, त्यांना ती सवड नव्हती. मला मात्र गाठी त्यांनीच शिकवल्या, गळाच्या नाही, जाळ्याच्या. आज वाशीत भाजी मार्केटला बसते, हातात सुतळी आली की बोटं आपोआप तीच गाठ मारतात.

कराडकर

प्रीतिसंगमावर गळ फेकताना मागे उभ्या धाकट्या भावाच्या अंगठ्यात घुसला. उलटा काटा असल्यामुळे मागे ओढता येईना. डॉक्टरांनी भूल दिली, गळ आणखी पुढे ढकलून टोक कातडीबाहेर काढलं, पक्कडीनं काटा कापला आणि मग उरलेला गळ सरळ मागे घेतला. वर धनुर्वाताचं इंजेक्शन. भाऊ रडला नाही, मी रडलो. भाऊ आता माझ्याहून वेडा मासेमार आहे. फेकण्याआधी मागे बघा, एवढंच.

आटपाडीचा

तुम्हाला नद्या आहेत. आमच्या पट्ट्यात पाऊस हीच अफवा. माणगंगा कोरडी, मग तलाव. ब्रिटिशांच्या काळातला राजेवाडीचा मोठा, बाकी दुष्काळी कामातले पाझर तलाव. त्या तलावात कुणीतरी चिलापी आणून सोडलेली, ती कशीही जगते. मादी अंडी तोंडात धरते. धरून हातात घेतली की कधीकधी तोंडातून पिल्लांचा फवारा येतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिऊन मासा फेकून दिला होता.

उन्हाळ्यात तलाव गुडघ्याएवढा झाला की अख्खं गाव उतरायचं. डालगी, घमेली, मच्छरदाण्या. चिखलात सगळे एका रंगाचे, पाटील कोण आणि कोण कोण काही कळायचं नाही. एका वर्षी वडील चारा छावणीवर जनावरं घेऊन गेलेले, त्यामुळे मला शिकवायला कुणी नव्हतं. चिखलात शेजारच्या म्हातारीनं मला पायानं मासा चाचपायला शिकवलं. तळव्याखाली काही सळसळलं की पाय उचलायचा नाही, दाबायचा आणि हात खाली न्यायचा. गळ मी नोकरीला लागल्यावर घेतला, टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर. तरी पाण्यात उतरलो की आधी बूट काढतो.

मत्स्यबीजवाला

नोकरी मत्स्य खात्यातच झाली, म्हणून जरा सांगतो. कटला, रोहू, मृगल हे आपण 'आपल्या नदीचे' म्हणून खातो, ते मूळचे गंगेकडचे. आपल्याकडे बीज सोडून आणले. चिलापी तर आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आली. कृष्णेचे खरे जुने रहिवासी म्हणजे वाम, मरळ, शिंगाडा, कोळशी, महाशीर. आपल्याकडच्या महाशीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये केली, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. तिथे आज तो शोधा.

आणखी एक. धरणांवर मच्छिमार सोसायट्यांचे ठेके असतात. गळ घेऊन जाताना आधी विचारा. विचारलं तर बहुतेक वेळा चहा मिळतो, न विचारता बसलात तर दुसरं काही मिळतं.

धागाकर्ता

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तेव्हा मी पुलावरून बघत होतो. एवढे मोठे मासे या पाण्यात आहेत हे मला ते मेल्यावर कळलं. नाना तोवर गेले होते. त्यांच्यानंतर डबी सापडेपर्यंत मी नदीवर बसलोच नव्हतो, हे इथे लिहिताना लक्षात आलं.

भाचा आठ वर्षांचा आहे. गळ दाखवला तर म्हणाला, याचं चार्जिंग कुठे?

भिलवडीचा

दादा, त्या भाच्याला घेऊन ऐतवारी या. गांडुळं मी काढतो, आमच्या हळदीच्या पाटाकडंला मोप हैत. फकस्त त्यो टाचणीचा गळ आणा, मला बघायचाय. आणि सकाळी सातच्या आत या. त्यानंतर मगर उन्हाला येती त्या दगडावर, आणि ती जागा तिची हाय.