झोप कोण खातंय, फिल्टर कॉफी की कोल्ड ब्रू?

पाचपाखाडीकरीण:
गेले तीन आठवडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पंख्याची पाती मोजतेय. ठाणे-ऐरोली रोजची ट्रान्सहार्बर लोकल, अंग आंबून जातं, पण डोळा लागत नाही. घरात निकाल लागलाय: रात्री नवाला सासूबाईंबरोबर फिल्टर कॉफी घेते, तीच गुन्हेगार. मला पटत नाही, कारण ती सहा वर्षं पितेय आणि आडवी झाले की झोपत होते.

तर हिशेब असा. सकाळी ऑफिसच्या मशिनची एक, कागदी कप, गोडमिट्ट. तीनला इन्स्टंट, एक चमचा, सपाट, शिगोशीग नाही. साडेसहाला गाडी पकडायच्या आधी कोल्ड ब्रूची, म्हणजे गार पाण्यात भिजवून केलेल्या कॉफीची, २५० मिलीची बाटली. ही उन्हाळ्यातली नवी सवय. कडू लागत नाही, पन्ह्यासारखी उतरते, म्हणून कॉफीत धरतच नव्हते. आणि नवाची फिल्टर. लेकीच्या औषधाच्या मापाने मोजली, ७५ मिली भरली, त्यातही अर्ध्याहून जास्त दूध.

कशात किती कॅफिन असतं? 'कमी करा' सांगू नका, ते घरी फुकट मिळतं.

कटिंगबहाद्दर:
चहावर या. मोठा मग भरून कोरा चहा घेतला तरी ४५-५० मिलिग्रॅमच्या आसपास. (मी दिवसाला आठ कटिंग मारतो, तेव्हा माझा सल्ला बेताने घ्या.)

नेरूळवाली:
ताई, फिल्टरची बाजू मी मांडते, माझं सासर पालघाटचं. कप बघू नका, पूड बघा. आमच्याकडे दोघांना २० ग्रॅम पूड. पाकिटावर कॉफी ७०, चिकोरी ३० टक्के छापलेलं असतं आणि चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, तिच्यात कॅफिन नसतंच. म्हणजे खरी कॉफी १४ ग्रॅम. अरेबिका जातीच्या दाण्यात साधारण १.२ टक्के कॅफिन, म्हणजे दोघांत १६८ मिलिग्रॅम. सगळं काही डिकॉक्शनमध्ये, म्हणजे फिल्टरखाली जमणाऱ्या अर्कात, उतरत नाही. माणशी ७० धरा, तुमचं अर्धं माप असेल तर ३५. फक्त पूड रोबस्टा जातीची असेल तर जवळजवळ दुप्पट, ते दुकानात विचारून घ्या. आणि सासूबाई दुसऱ्यांदा पाणी ओततात का? आमच्या ओततात, ते पाणचट असतं, त्याची भीती नको.

माजी_बरिस्ता, वाशी:
वरचं गणित बरोबर, आता तेच बाटलीला लावा. मी होतो त्या कॅफेत कोल्ड ब्रूला लिटरमागे ८० ग्रॅम पूड घालून रात्रभर फ्रिजमध्ये भिजवायचो. म्हणजे तुमच्या २५० मिलीला २० ग्रॅम, चिकोरी शून्य. नेरूळवाल्या ताईंच्या घरी तेवढ्यात दोघं पितात. १५० ते २०० मिलिग्रॅम सहज. गार पाण्यात आंबटपणा आणि कडवटपणा कमी उतरतो, कॅफिन मात्र तासन्‌तास भिजून उतरतंच. म्हणून जीभ फसते.

एस्प्रेसोचं उलटं. ३० मिलीचा एक शॉट, नुसत्या वासाने माणसं घाबरतात, पण असतात त्यात साधारण ६३. लाटे, कॅपुचिनो कितीही मोठी दिसो, मोजायचे ते शॉट. मोठ्या कपात बहुधा दोन पडतात. तुमच्या इन्स्टंटच्या चमच्यात ६०च्या आसपास. मशिनच्या कपात साखर-दूधपावडरच जास्त.

निरोगी माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं म्हणतात, गरोदरपणी २००. तुम्ही त्यात बसता. घोळ वेळेचा आहे. घेतलेल्यातलं निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. साडेसहाची बाटली बारा वाजता जवळपास निम्मी शिल्लक, म्हणजे गादीवर पडताना एक एस्प्रेसो मारल्यासारखंच.

पाचपाखाडीकरीण:
अगं बाई! बाटली उलटून बघितली, बारीक अक्षरात 'स्ट्राँग' लिहिलंय. चार दिवस बंद ठेवली. पहिल्या दोन दिवशी संध्याकाळी डोकं ठणकलं, ठाणे येईपर्यंत चिडचिड. परवा साडेअकराला झोपले, नवाची कॉफी पिऊन.

सासूबाईंना ते ३५ मिलिग्रॅम सांगितले. त्यांनी पेल्यात आणखी थोडं डिकॉक्शन ओतलं.

फ्रिजमध्ये तीन बाटल्या उरल्यात. सकाळी अर्धी-अर्धी घेतली तर चालेल ना?